ज्योत, कोबी आणि चपला

सभागृह

गच्च गर्दी, पण आवाज म्हणून नाही. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येक फोनच्या पडद्यावर एक ज्योत. पिवळी, मधून मधून निळसर, हलणारी. कुणी फोन गुडघ्यावर धरलेला, कुणी छातीशी. पोस्टातल्या बाईंनी तो जबड्याला लावून वरून मफलर बांधलेला. भिंतीलगत चार्जर आणि वायरींचं जंजाळ, त्यातून पाय उचलून टाकत माझी वहिनी फिरतेय, सुटलेल्या वायरी पुन्हा खोचतेय.

"आली," मागच्या ओळीत कुणीतरी पुटपुटलं.

"माझीही आली."

"तुमची अजून नाही? मनात काही असेल तर काढून टाका हो. अडकते मग."

आली म्हणजे ऊब आली. ज्योतीचं पान उघडायचं, फोन स्थिर धरायचा आणि वाट बघायची. थोड्या वेळानं फोन पाठीकडून कोमट होतो, मग चांगला गरम. पडद्यावरच्या चित्रातल्या विस्तवाची धग हाताला लागते. याला चमत्कार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, असं सगळं सभागृह म्हणत होतं.

व्यासपीठावर साध्या लाकडी खुर्चीत तेजोगुरू. पांढरा स्वेटर, पायात काही नाही, आवाज अंगाई म्हणणाऱ्याचा.

"ही ज्योत कशावर जळते? तेलावर नाही. गॅसवर नाही. ही तुमच्यावर जळते."

त्या माणसाच्या तोंडून संपूर्ण खरं निघालेलं हे एकच वाक्य. ते खरं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी दारात उभी राहून पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे बघत होते. त्यानं मान मागे टाकून गरम फोन मिटलेल्या डोळ्यांवर आडवा ठेवला होता आणि चेहरा कसा तृप्त.

ते माझे वडील. अप्पा. त्यांना काचबिंदू आहे.


घरचा ग्रुप

दादा: अप्पांची ज्योत आज बसल्या बसल्या आली. गुरूंनी स्वतः विचारपूस केली.

मी: थेंब घातले का सकाळी?

दादा: तुला थेंबांशिवाय दुसरं काही सुचतं का गं

वहिनी: अहो, ती विचारतेय त्याचं उत्तर द्या ना

दादा: थेंबांनी डोळे लाल होतात, आग होते. मी विकतो ती औषधं, मला नको शिकवू. ज्योतीनं त्यांना आराम पडतोय.

मी: अप्पा, थेंब घालताय की नाही?

अप्पा: 👍

मी: अंगठा म्हणजे हो का?

अप्पा: 👍

वहिनी: बाटली आत्ता बघितली. सील फोडलेलंच नाही.




डोळ्यांचा दवाखाना

डॉक्टरीणबाईंनी अप्पांना यंत्रासमोर बसवलं. समोर पांढरा गोल, त्यात बारीक ठिपके उजळतात, दिसला की बटण दाबायचं. मी शेजारी उभी होते. डावीकडे ठिपके उजळत होते, अप्पांचा अंगठा बटणावर तसाच. त्यांना वाटत होतं, ठिपका यायचाय अजून.

"आजोबा, डाव्या डोळ्याची कड बरीच गेली आहे. थेंब बंद केलेत का?"

"ऊब घेतो आहे," अप्पा म्हणाले.

"उबेनं पापण्यांना बरं वाटतं. डोळ्याच्या आतला दाब उबेनं उतरत नाही, तो थेंबांनी उतरतो. गेलेलं मी परत आणू शकत नाही. राहिलेलं राखता येईल, पण आजपासून थेंब घातले तर."

 बाहेरच्या दारात डावीकडून आलेल्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली तेव्हा अप्पा दचकले.

अप्पा घड्याळं दुरुस्त करतात. म्हणजे अजूनही करतात, घरातल्या खिडकीपाशी, डोळ्याला भिंग लावून. सगळं आयुष्य या डोळ्यांवर काढलेला माणूस. मी टेबलाच्या उजव्या बाजूला बसले आणि जेवढं भांडता येईल तेवढं भांडले.

"तुला एक सांगू का," ते शेवटी म्हणाले. "थेंब मी कितीतरी वर्षं घातले. आग होते एवढंच कळतं, फायदा काही दिसत नाही. आणि ही ज्योत, ही हाताला लागते. लागते ती गोष्ट खोटी कशी म्हणू?"

"लागते ती खरीच आहे अप्पा. ती ज्योतीची नाही, एवढंच मी म्हणते."

"मग कुणाची?"

मला सांगता येईना. मुलींच्या शाळेत संगणक शिकवते मी, आणि माझ्या बापाच्या फोनमध्ये काय चाललंय ते मला सांगता येईना.

"गिऱ्हाईक येतं," अप्पा म्हणाले, "आणि म्हणतं सेल संपलाय. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मागचं झाकण उघडतो. तू या ज्योतीचं झाकण उघड. आतली चाकं दाखव. पटलं तर त्याच क्षणी थेंब घालीन."

"आणि तोवर?"

"तोवर नाही."

"तोवर डोळा जातोय, अप्पा."

"मग लवकर उघड."


झाकण

शाळेच्या संगणकाच्या खोलीत, सगळ्या मुली घरी गेल्यावर, ज्योतीचं पान उघडलं. संगणकाचा पंखा आधी कुरकुरला, मग चांगलाच भणभणायला लागला. एका हलत्या चित्रासाठी एवढा भणभणाट? मुलींनी बनवलेली नाचणारी मांजरं याच यंत्रावर चुपचाप नाचतात.

कुठलंही पान आतून काय काय करतं, हे ब्राउझर दाखवतो. विचारावं मात्र लागतं. मी विचारलं.

ज्योतीचं चित्र एकदाच येतं आणि मग आपलं आपण हलत राहतं. त्याला काही कष्ट नाहीत. पण त्या चित्राच्या मागे, न दिसणारं, दुसरंच काम चालू होतं. नेटवरून कुठून तरी कामाचं पुडकं यायचं, संगणकाची ग्राफिक्स चिप त्याच्यावर तुटून पडायची, पुडकं परत जायचं, लगेच पुढचं हजर. उसंत नाही. माणूस धावला की घामाघूम होतो, चिप राबली की गरम होते. ऊब सापडली.

मग तेजोगुरूंचे नियम घेऊन बसले. सभागृहाच्या दारावरच लावलेले आहेत ते.

नियम: ज्योत लावल्यावर फोनवर दुसरं काही उघडू नये, मन चळतं.
चळू दे. दुसरं काही उघडलं की ब्राउझर मागच्या पानाचं काम जवळजवळ बंद करतो, खरी अडचण ती आहे.

नियम: पडदा विझू देऊ नये.
विझला की फोन झोपतो. झोपलेला गडी राबत नाही.

नियम: फोन चार्जरला जोडूनच बसावं, तेजाला तेजाचा आधार.
नाहीतर बॅटरी बघता बघता उतरते आणि लोक विचारायला लागतात.

नियम: नवे फोन असणाऱ्यांनी पुढे बसावं, नव्या पात्रात ज्योत लवकर उतरते.
यावर मी काय बोलणार. नव्या फोनची चिप दणकट असते, एवढं लहान मुलालाही ठाऊक आहे.

आता हे राबणं कशासाठी? हल्ली जिकडेतिकडे एआय आहे. फोटोतला माणूस ओळखणारी, अर्धं वाक्य पुरं करणारी, चित्र साफसूफ करणारी. आत बघाल तर ती म्हणजे गुणाकार. अफाट, न संपणारे गुणाकार. ते करायला मोठाल्या यंत्रांच्या खोल्याच्या खोल्या लागतात. पण त्या कामाचे लहान तुकडे केले आणि लोकांच्या ब्राउझरमध्ये वाटून दिले तर? प्रत्येक फोन एक घास चावणार, परत देणार, पुढचा घेणार. कुणाच्याही फोनमध्ये काही बसवावं लागत नाही, पान उघडं असलं की पुरे. असे हजारो फोन म्हणजे एक मोठं यंत्र, आणि ते कुणाच्याही खोलीत नाही. मालकाच्या खोलीत तर नाहीच.

यात मुळात काही पाप नाही. "तुमचा फोन रिकामा आहे, आमचं काम कराल का?" असं सरळ विचारून हे करणारे लोक आहेत, आणि अशा कामाला मीही माझा संगणक देईन. इथे विचारलेलं नव्हतं. इथे कामाला ज्योत म्हटलं होतं, आणि घामाला कृपा.

पुडक्यांत काय असायचं, तेही मी फोडून पाहिलं. ते मात्र सभागृहातच सांगते, कारण अप्पांनीही ते तिथेच पाहिलं.


कोबी

मी एक पान बनवलं. मधोमध कोबीचा गड्डा. हिरवा, गोल, निर्विकार. पानाच्या मागे गुणाकार लावून दिले, कशाचेही, नुसते आकडे एकमेकांवर आपटायचे. माझा फोन तापला. कोबी शांतच.

रविवारी दुपारी अप्पांच्या दोन्ही हातांत एकेक फोन दिला, दोन्ही एकाच जातीचे, वहिनीचा आणि माझा. दोन्ही रुमालात गुंडाळलेले.

"एकात ज्योत आहे. कुठल्या?"

अप्पांनी तोलून पाहिले, गालाला लावले. "दोन्हीत."

वहिनीनं रुमाल सोडले. अप्पा डाव्या हातातल्या कोबीकडे बराच वेळ बघत राहिले. आधी मान डावीकडे पूर्ण वळवली, मग बघितलं.

"हे काय?"

"कोबी, अप्पा."

दादा दारात उभा होता. औषधाच्या दुकानातून जेवायला आलेला. "झालं तुझं, मास्तरीण? अगं, तुझ्या घरात, तुझ्या फोनवर, तुझ्या मनातल्या संशयासमोर ज्योत खरी कशी राहील? गुरू सांगतातच, संशयाजवळ तेज आपलं रूप लपवतं."

"म्हणजे माझ्याजवळ ती खोटी वागते?"

"शब्दांत नको पकडू."

"अहो, पण तेज लपलं तर फोन थंड पडायला हवा ना?" वहिनी म्हणाली. "हा तर तापलाय. कोबीसकट."

दादानं ताट पुढे ओढलं. "गुरूंसमोर कर म्हणावं हे. सभेत."

"करते," मी म्हणाले.

अप्पांनी दोन्ही फोन टेबलावर ठेवले. "सभेत कर," ते म्हणाले. "मी पुढच्या ओळीत असतो."


सभा, आणि सभेत मी

"बाहेर थंडी आहे," तेजोगुरू म्हणाले. "जगात थंडी आहे. माणसामाणसात थंडी आहे. आणि तुमच्या तळहातावर?"

"ऊब," सभागृह म्हणालं.

"कुणी दिली?"

"ज्योतीनं."

"कुणाला काही विचारायचंय?"

हे ते रोज विचारतात, आणि रोज कुणीतरी उठून आपली पाठ कशी बरी झाली ते सांगतं. आज मी उठले. माइक घेऊन फिरणाऱ्या पोरसवदा सेवकानं सवयीनं तो माझ्या हातात दिला.

"गुरुजी, ज्योतीला नेट लागतं का?"

खसखस पिकली. तेही हसले, प्रेमळ हसले. "बाई, ज्योतीला श्रद्धा लागते."

"बरं झालं. मग आत्ता सगळ्यांनी फोन फ्लाइट मोडवर टाकले तरी चालेल. पान मिटायचं नाही, पडदा विझवायचा नाही, चार्जर काढायचा नाही. तुमचे सगळे नियम पाळायचे. फक्त नेट बंद."

हो म्हटलं तरी अडचण, नाही म्हटलं तरी अडचण. त्यांनी तिसरंच म्हटलं. "आजची वेळ होत आली आहे."

माइक मेला. वायर कुणी काढली ते मी बघितलं नाही. मी रोज अख्ख्या वर्गाला गप्प करते, मला माइक लागत नाही.

"तुमच्याच हातात फोन आहे आणि तुमच्याच बोटात बटण," मी म्हणाले. "गुरुजींची परवानगी कशाला हवी?"

"बसा खाली," कुणीतरी ओरडलं. "आमची ऊब घालवू नका."

"जाणार असेल तर बघू तरी कशानं जाते ते," अप्पा म्हणाले. ते उठून उभे राहिले होते आणि मान वाकडी करून बटण शोधत होते. "मला बघायचंय. मी टाकला माझा."

पुढच्या ओळीत अप्पांना सगळे ओळखतात. निम्म्यांची घड्याळं त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत. पोस्टातल्या बाईंनी मफलर सोडला. मग इकडून एक, तिकडून एक. सगळ्यांनी नाही, पण पुरेशांनी.

आता वाट बघायची. फोन थंड व्हायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ भर सभेत उभं राहणं म्हणजे काय ते विचारू नका. तेजोगुरू डोळे मिटून बसले. दादा कोपऱ्यात लॅपटॉपपाशी उभा, त्याच्याकडे मोठ्या पडद्यावर ज्योत दाखवायचं काम, आणि माझ्याकडे बघतोय तो मी त्याचं घर पेटवल्यासारखा.

"ज्योत दिसतेय ना सगळ्यांना?" मी विचारलं.

दिसत होती. छान हलत होती.

"गेली," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला होता.

"माझीही गेली."

"माझा तर गार पडला."

तेजोगुरूंनी डोळे उघडले. "बघितलंत? एकाच्या संशयानं एवढ्यांचं तेज विझलं."

"विझलं कुठे? ज्योत तशीच जळतेय," मी म्हणाले. "ऊब तेवढी गेली. आणि ज्यांनी नेट बंद केलं नाही, त्यांची? माझ्या मागच्या ओळीतले काका, तुमचा फोन?"

"गरम आहे," काका म्हणाले, आणि मग सावकाश, "मी तर तुमच्या सगळ्यात जवळ बसलोय."

"म्हणजे माझा संशय शेजारी सोडून लांबच्यांना गाठतोय. हुशार दिसतो. गुरुजी, तुमच्या मनात तर संशय नाही. तुमचा फोन दाखवता? तो तापलेला असणार."

"त्यांचा फोन मघाशी मीच चार्जिंगला लावला," भिंतीपाशी वायरी हातात धरून उभी असलेली वहिनी म्हणाली, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी. "त्यावर ज्योत नाहीये. बातम्या चालल्या होत्या. गार आहे."

आता लोक कुजबुजायला लागले. मी व्यासपीठाशेजारच्या फळ्यावर कोबीच्या पानाचा पत्ता लिहिला आणि म्हटलं, ज्यांना हवं त्यांनी नेट चालू करून हे उघडा. उघडणाऱ्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुणीतरी फिसकन हसलं. मग तळहातावर तपासणं. मग शेजाऱ्याच्या हातात देणं, "बघ रे, लागतंय का तुला."

"कोबीतही तेज आहे," तेजोगुरू म्हणाले. मानलं पाहिजे, क्षणभरही थांबले नाहीत. "चराचरात आहे."

"मग मी कोबीच घेऊन बसते घरी," मागून एक बाई म्हणाली. "इथवर यायची पायपीट कशाला?"

मी माझा लॅपटॉप घेऊन दादाजवळ गेले. "हा मोठ्या पडद्याला जोड."

त्यानं वायर घट्ट धरून ठेवली. "तुला माझी इज्जत घालवायचीय."

"तुझी नाही रे."

"मीच आणलं ना इथे निम्म्या लोकांना. दुकानात येतात माझ्याकडे. औषधाच्या पिशवीत मी ज्योतीची चिठ्ठी घालतो." हे तो हळू बोलला. फक्त मला ऐकू आलं.

"लाव रे ती वायर," अप्पा खालून म्हणाले. "चुकीची निघाली तर आपण दोघं मिळून तिची खेचू. आयुष्यभर."

दादानं वायर लावली.

पडद्यावर डावीकडे ज्योतीचं पान, नेहमीसारखं. उजवीकडे मी त्या पानाची पुडकी उघडून मांडली होती, माझ्या लॅपटॉपच्या वाट्याला येणारी, येतील तशी.

एक चप्पल. मळक्या फरशीवर काढलेला फोटो, मागे टेबलाचा पाय, कुणाची तरी सावली. क्षणात तीच चप्पल, मागचं सगळं पुसलेलं, पांढऱ्याशुभ्र जागेत तरंगणारी. परत रवाना. पुढचं पुडकं. बूट. फरशी गेली, सावली गेली, बूट राहिला. रवाना. सँडल. मुलांचा बूट. पुन्हा चप्पल. पडद्यावर चपला येत राहिल्या, जात राहिल्या, आणि शेजारी ज्योत मंद हलत राहिली.

"दुकानदार आपल्या मालाचे फोटो पाठवतात," मी म्हणाले. "मागची घाण पुसून द्यायचं काम एआय करते. ती एआय चालवायला यंत्रं लागतात. ती यंत्रं म्हणजे तुम्ही. तुम्ही डोळे मिटून बसता तेव्हा तुमचा फोन चपला पुसत असतो. राबून तापतो. त्या तापण्याला हे गृहस्थ ज्योत म्हणतात."

 

अप्पा पडद्यासमोर गेले. मान डावीकडे वळवून त्यांनी ज्योत बघितली, मग सरळ होऊन चपला. घड्याळाचं झाकण काढल्यावर बघतात तसं बघितलं, घाई न करता, एकामागून एक चाक कसं फिरतं ते.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी इतके दिवस डोळ्यांवर चपला घेऊन पडलो होतो."

आणि हसले. आधी ते एकटेच हसले.


त्यानंतरचं बोलणं, जमेल तेवढं

"पण माझा जबडा थांबायचा हो दुखायचा." पोस्टातल्या बाई.

"थांबत असेल. उबेनं दुखणं हलकं होतं, त्यात खोटं काही नाही. गरम पाण्याची पिशवी घ्या, ती कुणाच्या चपला पुसत नाही. आणि दात दाखवून या."

"चार लोक एकत्र येतात, शांत बसतात, यात तुमचं काय गेलं?" एक तरुण, चिडलेला.

"बसा की. रोज बसा, मीही येईन. फोन घरी ठेवून बसू."

"आम्ही श्रद्धेनं दिलं. त्यांनी घेतलं. आमची तक्रार नाही." तोच तरुण.

"काय दिलंत ते तुम्हाला सांगितलं होतं का?"

त्यावर तो उठून गेला.

तेजोगुरू तोवर मागच्या दारानं गेले होते. जाताना एवढंच म्हणाले, "ज्यांना यायचं आहे ते येतील." ते खोटं ठरलं असतं तर मला ही गोष्ट लिहावी लागली नसती. पुष्कळ लोक त्याच संध्याकाळी त्यांच्या मागोमाग गेले. बाजारापलीकडे दुसरं सभागृह मिळालं आहे. आता पानावर ज्योत नाही, झरा आहे. फोन गरम होतो ते झऱ्याच्या उगमामुळे, असं सांगतात.

अप्पांनी घरी येऊन मान मागे टाकली आणि म्हणाले, "घाल." दादानंच घातले थेंब, त्याचा हात त्यात सराईत आहे. आग झाली. अप्पांनी चेहरा वाकडा केला आणि दादाला एक शिवी घातली, प्रेमाची.  दादाचं मन पूर्ण वळलंय असं मी म्हणणार नाही. पण औषधाच्या पिशवीत तो आता फक्त औषध घालतो.

डाव्या बाजूचं जे गेलं ते गेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच.


झऱ्याच्या दारात

मी कुणाला देव मानू नका म्हणत नाही, तो माझा विषय नाही. मी एवढंच म्हणते: तुमच्या हातातली वस्तू गरम झाली तर ती का झाली हे विचारा. नेट बंद करून बघा. पान मिटून बघा. कोबी लावून बघा. विचारल्यानं जे बिघडतं ते आधीच बिघडलेलं होतं. खरी गोष्ट तपासणीनं झिजत नाही. आणि तपासू नका, संशय घेऊ नका, नेमकं हेच बटण दाबू नका, असं कुणी सांगितलं की तेच बटण आधी दाबा. तुम्हाला संगणकातलं काही कळत नसलं तरी चालेल. माझ्या वडिलांनाही कळत नाही. त्यांना एवढंच कळतं की झाकण उघडल्याशिवाय बोलू नये.

ते हल्ली सभेच्या वेळी बाजारापलीकडच्या त्या दारात जाऊन उभे राहतात. ते पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, धक्काबुक्की होईल. झाली थोडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात, "आत गेलात की एकदा नेट बंद करून बघा. बाकी काही करू नका." फोन काढून कसं करायचं तेही दाखवतात.

काल एका आडदांड सेवकानं त्यांना अडवलं. "आजोबा, तुमचं काय बिघडवलंय आम्ही? का रोज वाटेत उभे राहता?"

"तू उजवीकडून आलास म्हणून तुझ्याशी बोलतोय," अप्पा म्हणाले. "डावीकडून आला असतास तर मला दिसलाच नसतास. ते बिघडवलंय."

तो बाजूला झाला नाही. अप्पाही हलले नाहीत. पुढचा माणूस आला तशी त्यांनी मान वळवली आणि त्याला म्हणाले, "आत गेलात की एकदा नेट बंद करून बघा."